पाहुण्याला येऊ दे

म्हसवडजवळची वस्ती
७ नोव्हेंबर

प्रिय सोनू,

तुझं दिवाळीचं पत्र मिळालं. माझा मोबाइल हौदात पडला तो पडलाच. दुरुस्तीवाला म्हणाला, "ताई, ह्यो आता माशास्नी द्या खेळायला." तुझे दाजी पलटणीतून पुढच्या सुट्टीवर येताना नवा आणणार आहेत. तोवर सासऱ्यांचा, मामांचा फोन. मामांना कमी ऐकू येतं, म्हणून तो कायम स्पीकरवर. परवा दाजींनी तिकडून विचारलं, "जेवलीस का?" तर मी बोलायच्या आत कट्ट्यावरून कुणीतरी ओरडलं, "जेवली, जेवली, दोन भाकरी!" म्हणून तू मला अंगणवाडीच्या पत्त्यावरच लिहीत जा. तिथं मी मदतनीस असल्यानं पत्र थेट माझ्या हातात पडतं. आश्रमशाळेत असताना आपण आई-दादांना पत्रं लिहायचो आणि ते मेंढरं घेऊन कुठल्या गावाला असतील ते माहीत नसल्यानं टाकायचोच नाही, त्यापेक्षा हे बरं. यंदा ते दोघं कऱ्हाडकडं उतरलेत असं ऐकलं.

दाजी दसऱ्याला आले ते दिवाळी करूनच गेले. एक महिना कसा गेला कळलं नाही. आता घर मोठं वाटतं.

तुला एक विचारायचं होतं. औषधांचं तू शिकतेस म्हणून. इथल्या रीतीनं दिवाळीच्या पाडव्याला देवाचे घट बसले. लग्नानंतरचे माझे पहिले घट, बारा दिवस सगळं मलाच करायचं होतं. नेमकी माझी तारीख त्यात येत होती. सासूचा हक्क म्हणून आत्याबाईंनीच मेडिकलमधून पाळीच्या गोळ्या आणल्या, पुढं ढकलायच्या. इथं सगळ्याच बायका घेतात, मीही लग्नात घेतल्या होत्या. घट उठले, गोळ्या थांबवल्या, पण पाहुणा काही अजून आलेला नाही. (मी अजून पाहुणाच म्हणते. आश्रमशाळेत पोरांसमोर पाळी म्हणायची लाज, म्हणून आपण म्हणायचो, ते तोंडात बसलंय. इथल्या आशाताई म्हणजे मंगलवन्सं, त्यांना तसं म्हणाले तर त्या अंगणात बघून म्हणतात, "कंचा पावना? मला न्हाई दिसला.")

आत्याबाई म्हणतात, "गोळीचा गुण हाय त्यो. यील." पण आता एकवीस तारखेला देवाचा रथ आहे आणि नैवेद्य सुनेनंच न्यायचा असतो. त्यांना घोर लागलाय की नेमकी रथालाच अडचण येईल. मला मळमळतं, लोकरीचा वास नकोसा होतो. तो गोळ्यांनीच ना?

अभ्यास कर. रात्री उपाशी झोपू नकोस.

तुझी
आक्का


सांगली
१० नोव्हेंबर

प्रिय आक्का,

तुझं पत्र आजच मिळालं आणि आजच लिहिते आहे.

आधी एक सांगते. मी डी.फार्मच्या दुसऱ्या वर्षाला आहे, म्हणजे मला थोडं माहीत आहे आणि बरंच नाही. दादा सगळ्यांना सांगतात की पोरगी डॉक्टर होतेय आणि मी दर वेळी दुरुस्त करते, तरी ते ऐकत नाहीत. तू तरी ऐक. मी लिहिते ते पुस्तकात पाहून आणि आमच्या सरांना तुझं नाव न सांगता विचारून लिहिते.

पुढं ढकलायच्या गोळ्या बंद केल्या की पाळी साधारण दोन-चार दिवसांत येते, फार तर आठवड्याभरात. तुझे घट उठून आठवडा होऊन गेला. मळमळ त्या गोळ्यांनी होऊ शकते, पण त्या थांबवल्यावर इतके दिवस राहायला नको. आक्का, दाजी महिनाभर घरी होते. दिवस गेले असतील का, हे आधी पाहायला हवं. मंगलवन्संकडं लघवी तपासायची पट्टी असते, ती पैसे न देता मिळते. सकाळी उठल्याबरोबर तपासायची.

आणि ते होईपर्यंत कुठलीच गोळी घेऊ नकोस. डोकं दुखलं तरी आधी विचार. आपल्याकडं गोळी म्हणजे गोळी असते. कुणाची पाठदुखीची उरलेली, कुणाच्या सासूच्या गुडघ्याची. पण पोटात जीव असेल तर एकच गोळी दोघांच्या अंगात जाते. सुरुवातीचे हे आठवडे फार नाजूक असतात, त्यातच बाळाचं हृदय, मेंदू सगळं घडायला लागतं.

घाबरवायला लिहीत नाही. मी स्वतःच घाबरट आहे, म्हणून दोनदा लिहिते: तपासल्याशिवाय काही घेऊ नकोस.

तुझी
सोनिया


म्हसवडजवळची वस्ती
१२ नोव्हेंबर

प्रिय सोनू,

तुझं पत्र मी अंगणवाडीच्या चुलीपाशी वाचलं आणि हसू आलं. तू लहानपणी शेळीला शिंक आली तरी दादांना उठवायचीस, तशीच आहेस.

पट्टीचं अवघड आहे. मंगलवन्सं म्हणजे दाजींच्या चुलतबहीण. त्यांच्याकडं पट्टी मागितली की संध्याकाळपर्यंत सगळ्या वस्तीला कळणार, आणि आपल्यात तीन महिने होईपर्यंत सांगत नाहीत. काही नसलं तर मग वर्षभर चेष्टा. तरी मी आत्याबाईंपाशी भीत भीत विषय काढला. त्या म्हणाल्या, "अगं, पाळीच्या गोळ्या चालू असताना दिस कसं जातील? येडी हायस का काय!" मलाही ते पटलं. लग्नातल्या वेळीसुद्धा गोळ्यांनंतर माझी पाळी लांबलीच होती.

काल त्या म्हसवडच्या बाजाराला गेल्या होत्या. येताना दुसऱ्या गोळ्या घेऊन आल्या, ह्या पाळी आणायच्या. म्हणाल्या, "रथाच्या आदी यिऊन गेली पायजे. चार दिस बाहीर बसलीस की डोक्यावरनं न्हाऊन मोकळी." मेडिकलवाल्यानं खोकं दिलं नाही, कागदाच्या पुडीत पाच गोळ्या आहेत. एक वेगळी, ती आधी घ्यायची. मग दोन दिवसांनी बाकीच्या चार एकदम. त्यानं तोंडीच सांगितलं म्हणे. आत्याबाई आजच घे म्हणत होत्या. मी म्हटलं, सोमवारी अंगणवाडीत तपासणीला बाई येणार आहेत, ती होऊ दे.

तू एवढं लिहिलंयस म्हणून तुला विचारल्याशिवाय घेत नाही. शनिवारी दुपारी मामांच्या फोनवर फोन कर. पण उघड काही बोलू नकोस गं. कट्ट्यावर रथाच्या बैठकीला माणसं असतात, आत्याबाईही तिथंच. मला कळेल असं सांग, म्हणजे झालं.

दाजींचा फोन आला होता. तिकडं बर्फ पडायला लागलाय म्हणे. त्यांना रथ चुकल्याचं फार वाटतंय.

तुझी
आक्का


सांगली
१५ नोव्हेंबर, शनिवार

प्रिय आक्का,

आत्ताच तुझ्याशी बोलून फोन ठेवला. जीवात जीव आला. तरी मनाचं समाधान व्हावं म्हणून हे सगळं उघड लिहिते, कारण फोनवर एक अक्षर धड बोलता आलं नाही.

मामांनी फोन उचलला. "कोन? सांगलीची व्हय? काय म्हंतंय शिक्षान?" मग मागून कुणीतरी, "इंजेक्शन घिऊन ये म्हनावं रथाला, समद्यास्नी टोच." सगळे हसले. मग तू आलीस. आत्याबाईंचा आवाजही जवळच येत होता. नुसतं "नको" म्हणावं तर त्या "काय नको?" म्हणून विचारणार, आणि त्यांनी आणलेल्या गोळ्यांना मी नाही म्हणते हे सगळ्यांसमोर होणार. शेवटी म्हणाले, "आक्का, पाहुणा यायचा असेल तर त्याला येऊ दे. आडवं येऊ नकोस." तू म्हणालीस, "बरं. कळलं." बरं झालं तुला लगेच कळलं.

आता नीट सांगते. तू लिहिलेल्या पाच गोळ्या, एक वेगळी आणि चार एकसारख्या, मधे दोन दिवस, ह्या पाळी आणायच्या गोळ्या नाहीत. त्या गर्भ पाडायच्या गोळ्या आहेत. पहिलीनं गर्भाचा आधार तुटतो आणि चारांनी पिशवी आवळून तो बाहेर येतो. डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय त्या विकता येत नाहीत. खोकं का दिलं नसेल ते तूच समज. आत्याबाईंनी "पाळीची गोळी" मागितली असेल. ढकलायचीही पाळीची, आणायचीही पाळीची, आणि मेडिकलवाल्यानं तिसरंच ऐकलं.

पोटात काही नसेल तर त्या गोळ्यांचा उपयोग नाही. असेल, आणि मला वाटतं आहे, तर ते जाईल. शिवाय कधी कधी अर्धवट राहतं आणि रक्त थांबत नाही. म्हणून त्या घ्यायच्याच तर दवाखान्यात, सोनोग्राफी करून.

त्या पुडीला हात लावू नकोस. सोमवारी तपासणीच्या बाईंनाच सांग, त्या बाहेरच्या आहेत. वस्तीत कळणार नाही.

माझी प्रॅक्टिकल्स मंगळवारी संपतात. मग मी येते.

तुझी
सोनिया


सांगली
२४ नोव्हेंबर

आक्का,

रथ होऊन गेला. तुझं पत्र नाही. मी तीनदा फोन केला. दोनदा कुणी उचलला नाही. तिसऱ्यांदा मामा म्हणाले, "ती झोपलीया," आणि ठेवला. दुपारचे चार वाजले होते. तू दुपारी कधी झोपतेस?

मंगळवारी यायचं म्हटलं होतं ते जमलं नाही. एक प्रॅक्टिकल पुढं ढकललं. खरं सांगायचं तर तू "कळलं" म्हणालीस म्हणून मी निश्चिंत होते. आता नाही.

दोन ओळी तरी लिही.

सोनिया


म्हसवडजवळची वस्ती
२८ नोव्हेंबर

सोनू,

काल साताऱ्याच्या दवाखान्यातून घरी आले. पडूनच लिहिते, अक्षर समजून घे.

तू फोनवर म्हणालीस पाहुण्याला येऊ दे, आडवं येऊ नकोस. मला वाटलं, पाळीला येऊ दे म्हणतेस. पाहुणा म्हणजे आपल्यात तेच. मी आत्याबाईंना म्हणाले, सोनूनं होकार दिला, आणि त्याच संध्याकाळी पहिली घेतली. पाणी त्यांनीच आणून दिलं. सोमवारी चार घेतल्या. तपासणीच्या बाई त्या दिवशी आल्याच नाहीत.

तुझं पंधरा तारखेचं पत्र मला एकोणीसला मिळालं. अंगणवाडीत पोरं खिचडी खात होती. मी दाराच्या मागं उभी राहून वाचलं. "पोटात काही नसेल तर" इथपर्यंत वाचलं आणि खाली बसले. रक्त जायला लागून तिसरा दिवस होता. आधीच्या दिवशी जे पडलं होतं ते पाळीसारखं नव्हतं, हे मला तेव्हाच कळलं होतं. मी त्याला पाळीच म्हणत होते. पोरं म्हणत होती, "बाई, अजून वाढा." मी उठून वाढलं.

आता तू विचारशील की त्याच दिवशी दवाखान्यात का गेली नाहीस. कुणाला काय सांगणार होते? आत्याबाई विचारत होत्या, "झालं का गं? थांबलं का?" एकवीसच्या पहाटे पुन्हा विचारलं. थांबलं नव्हतं. मी थांबलं म्हणाले. गेलंय ते गेलंय, आता नैवेद्य तरी चुकू नये, एवढंच डोक्यात होतं. न्हाले, पुरण घातलं, ताट घेऊन चालत गेले. देवळाच्या पायऱ्यांपाशी डोळ्यांपुढं अंधार आला. ताट पडल्याचा आवाज तेवढा आठवतो.

मंगलवन्संनी गाडी केली. साताऱ्यात पिशवी धुतली, दोन बाटल्या रक्त चढवलं. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, किती महिने होते? मी म्हटलं, माहीत नाही. त्या मामांसमोरच म्हणाल्या, "गोळ्या घेऊन पाडलंय हे. कुणी दिल्या गोळ्या?"

मामांनी माझ्याकडं पाहिलं नाही. घरी आल्यावर म्हणाले, "सांगलीची धाकली आवशदाचं शिकतीया. आनि कोन दील?" आता सगळे तेच म्हणतात. रेश्माला इतक्यात मूल नको होतं, बहिणीनं गोळ्या पाठवल्या, दोघींनी मिळून पाडलं. दाजींनाही तेच कळवलंय. ते माझ्याशी बोलले नाहीत. मामा म्हणतात, तुझ्या कॉलेजात जाऊन साहेबांना सांगतो की ही पोरगी काय धंदे करते.

मामा हे बोलतात तेव्हा आत्याबाई चुलीत फुंकत राहतात, चूल पेटलेली असली तरी.

आक्का


सांगली
२ डिसेंबर

प्रिय आक्का,

तुझं पत्र वाचून मी वर्गात जाऊन बसले. कुठं जावं कळत नव्हतं.

पाहुणा म्हणजे मी बाळ म्हणाले होते. इथं मुली तसंच म्हणतात, नवा पाहुणा. तुझ्या पत्रातला शब्द डोक्यात होता, तो तोंडात आला आणि येता येता त्याचा अर्थ बदलला. मला तेव्हा जाणवलंसुद्धा नाही. "गोळी घेऊ नकोस" हे तीन शब्द होते. तीन शब्दांची मला लाज वाटली.

आधी दवाखान्याचं, कारण तेच आत्ता महत्त्वाचं आहे. ताप आला, अंगावरून घाण वासाचं जायला लागलं, पोट फार दुखलं किंवा रक्त पुन्हा वाढलं तर थांबू नकोस, त्याच दवाखान्यात जा. लोहाच्या गोळ्या दिल्या असतील तर त्या जेवणानंतर घे, चहाबरोबर नको. ह्या मात्र घ्यायच्या. आता सगळ्याच गोळ्यांना घाबरशील, म्हणून लिहिते. आणि रक्तगटाचा कागद पाहा. निगेटिव्ह लिहिलं असेल तर एक इंजेक्शन लागतं, पुढच्या बाळासाठी. ते दिलं का ते विचार. उशीर झाला असला तरी विचार.

घटांच्या वेळी घेतलेल्या गोळ्यांनी हे झालेलं नाही. दिवस गेले असताना त्या घ्यायच्या नसतात, पण बाळ गेलं ते त्या पाच गोळ्यांनी. पुढं कधी तुला वाटेल की देवाची अडचण टाळायला गेले म्हणून असं झालं, तर तसं नाही.

आता दुसरं. हे मी रात्रभर विचार करून लिहिते आहे.

आत्याबाईंनी गोळ्या आणल्या हे तू सांगितलंस तर तुला तिथं राहणं अवघड होईल, आणि दाजींना आईच्या विरुद्धचं ऐकायला लागेल. नाही सांगितलंस तर तू मुद्दाम पाडलंस असं ठरेल. म्हणून तू सांग की मी पाठवल्या. तुला खरं माहीत नव्हतं, मी पाळीच्या म्हणून पाठवल्या आणि माझी चूक झाली. मी तसं लिहूनही देईन. मामा कॉलेजात आले तर तिथंही तेच सांगेन. वर्ष जाईल, कदाचित नावच काढतील. पण तुझं घर राहील. तुला माहीत आहे, मी बसच्या तिकिटाचे सुट्टे पैसे जास्त आले तरी कंडक्टरला परत द्यायला धावते. हे मला सोपं नाही. पण माझ्या त्या एका वाक्यानं तू पहिली गोळी घेतलीस. त्यामुळं हे अगदीच खोटं नाही, असं मी मनाला समजावते आहे.

तुझं उत्तर आलं की मी मामांना पत्र टाकते.

सोनिया


म्हसवडजवळची वस्ती
११ डिसेंबर

प्रिय सोनू,

मामांना काही लिहू नकोस. लिहिलं असशील तर टपालातून परत माग.

ताप नाही. रक्तगट बी पॉझिटिव्ह आहे, त्या इंजेक्शनाची गरज नाही म्हणाले. गोळ्या जेवणानंतर घेते.

तुझं पत्र शुक्रवारी मिळालं. आईनं तुझ्या पहिल्या फीला पायातले तोडे मोडले होते, ते मला आठवत होतं. पण ते कारण नाही. कारण असं की तू खोटं लिहून दिलं असतंस तर ते तुझ्या अक्षरात इतकं खरं दिसलं असतं की मीही कधीतरी त्यावर विश्वास ठेवला असता.

रविवारी दाजींचा फोन आला. कट्ट्यावर नेहमीची माणसं होती. मी गोठ्याशी होते. फोन स्पीकरवर, सगळं ऐकू येत होतं. दाजी म्हणाले, "आबा, तिच्या भनीचं काय ठरिवलं?" मामा म्हणाले, "उद्या जातो सांगलीला. साहेबाला भेटतो. असल्या पोरीला शिकवून काय गावं मारायची हायती का?"

मी हात न धुताच पुढं गेले आणि म्हणाले, "मला बोलायचंय." मामा फोन उचलून घेणार होते. मी म्हटलं, "राहू द्या तसाच. सगळ्यांनी ऐकलेलंच बरं."

आणि बोलले. म्हणाले, मला पाळी आली नव्हती. रथाला अडचण होऊ नये म्हणून पाळी आणायची गोळी म्हणून मी ती घेतली. पोटात दिवस आहेत हे मला माहीत नव्हतं. गर्भ पाडायच्या गोळ्या आहेत हेही माहीत नव्हतं. सोनूनं एक गोळी पाठवलेली नाही, तिनं घेऊ नको असंच लिहिलं होतं. पत्र आतल्या पेटीत आहे, कुणाला बघायचं असेल तर बघा.

पाळी हा शब्द मी पहिल्यांदा बाप्यांच्या समोर बोलले. दोघं जमिनीकडं बघायला लागले. एकजण टोपी झटकून "चला, म्हसरं सोडायचीत" म्हणत उठला, आणि त्याच्याकडं म्हसरं नाहीतच.

दाजींनी विचारलं, "मग आनल्या कुनी?"

मी आत्याबाईंचं नाव घेतलं नाही. त्यांच्याकडं पाहिलंही नाही, देवाशपथ. तेवढ्यात मागून, दारातून आवाज आला, "म्या."

मग त्या जवळ आल्या आणि फोनशी वाकून बोलल्या, जणू फोनलाच सांगायचं होतं. "म्या आनल्या, धना. त्याला म्हनलं, सुनंची पाळी आली न्हाई, पाळीची गोळी दे. त्यानं इचारलं, किती दिस झालं? म्या सांगितलं. त्यानं दिली. पानी बी म्याच दिलं तिला."

मामांनी फोन बंद पडला म्हणून हलवून पाहिला. मग दाजी म्हणाले, "बरं," आणि ठेवला.

मामा सांगलीला गेले नाहीत. ते कुणाशीच धड बोलत नाहीत. दाजींचा परवा फोन आला, मला विचारलं, "जेवलीस का?" मी म्हटलं, जेवले. कट्ट्यावरून कुणी काही ओरडलं नाही. आईला दे असं ते म्हणाले नाहीत. आत्याबाई शेजारीच बसल्या होत्या, पदरानं फोनवरची धूळ पुसत होत्या. कालही तसंच. मी म्हटलं, "आत्याबाईंशी बोला की." तर म्हणाले, "रेंज न्हाई," आणि आवाज स्वच्छ येत होता.

मला वाटलं होतं, खरं बोलले की मोकळं वाटेल. तसं काही वाटत नाही. तुझं शिक्षण राहिलं, माझं नाव राहिलं, एवढंच. बाकी घरात तीन माणसं आहेत आणि प्रत्येकजण आपलं ताट घेऊन वेगळ्या कोपऱ्यात बसतो.

आत्याबाई साताऱ्याहून आल्यापासून मला एकच विचारतात. "पोरी, पोरगा हुता का पोरगी?" मी सांगितलं, इतक्या लवकर कळत नाही, डॉक्टरीणबाईंनीच सांगितलं. त्यांना ते पटत नाही. "तुज्या पोटात हुतं न्हवं, तुला कसं कळलं न्हाई?" भाकरी करताना, पाणी भरताना, रोज तेच. सगळ्यांना माहीत आहे त्यांना नातू हवा होता. दाजींच्या लग्नाआधीच त्यांनी नाव ठरवून ठेवलं होतं. म्हणून आज सकाळी मी म्हणाले, "पोरगी होती." मला वाटलं, त्यानं त्यांचं ओझं थोडं हलकं होईल, आणि विचारणं तरी थांबेल.

त्यांचे हात पिठातच थांबले. "पोरगीच पायजे व्हती गं मला," म्हणाल्या. "चौघं झालं, समदी पोरंच. एक धना जगला. पोरगी न्हाई दिली देवानं." मग त्या रडायला लागल्या. रथापासून पहिल्यांदाच. तव्यावरची भाकरी जळून धूर झाला तरी आम्ही दोघी तिथंच बसून होतो.

तू खरं-खोटं फार बघतेस, म्हणून तुला सांगते. हे मी खोटं बोलले, आणि आता ते परत घेता येत नाही. दुपारपासून त्या मंगलवन्संना, शेजारणीला, सगळ्यांना सांगतायत की आमची नात गेली.

तुझी
आक्का